हॉकिंग यांची कीर्ती : कमावलेली किती, उसनी किती?

स्टीफन हॉकिंग १४ मार्च २०१८ रोजी केंब्रिज येथे निवर्तले. त्यानंतर तीन महिन्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन आणि डार्विन यांच्या समाधींमध्ये त्यांची रक्षा ठेवण्यात आली. न्यूटनशेजारी जागा मिळणे यापरता मोठा मान इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञाच्या वाट्यास येत नाही. तो यथोचित होता काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही, आणि दुःखाच्या घरी तो विचारूही नये. आता पुरेशी वर्षे लोटली आहेत. शिवाय आमच्या धर्मग्रामांतील महाविद्यालयीन मुलेमुली हॉकिंग यांचे नाव ज्या कारणाने घेतात, ते पाहता हा प्रश्न आम्हांस अगत्याचा वाटतो. "देव नाही, असे हॉकिंगनेच सांगितले आहे," हे वाक्य आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यातला तो 'च' आम्हांस तपासावयाचा आहे.

हॉकिंग हे आइन्स्टाइननंतरचे सर्वांत मोठे भौतिकशास्त्रज्ञ, असे वृत्तपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली. भौतिकशास्त्रज्ञांचे मत मात्र निराळे होते. १९९९ मध्ये 'फिजिक्स वर्ल्ड' या नियतकालिकाने शास्त्रज्ञांकडूनच सर्वकाळच्या श्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञांची नावे मागवली. आइन्स्टाइन, न्यूटन, मॅक्सवेल, बोर, डिराक अशी नावे वर आली; पहिल्या दहांत हॉकिंग नव्हते. जग ज्याला पहिला मानते त्याला त्याचे व्यवसायबंधू दहांतही धरत नाहीत, तेव्हा कोणाचे तरी माप चुकले असले पाहिजे. आमच्या मते जगाचे माप चुकले आहे. पण यावरून हॉकिंग सामान्य ठरतात असे मानणे ही त्याहून मोठी चूक होईल, आणि श्रद्धावंत वाचक नेमकी तीच करण्याचा संभव अधिक!

प्रथम त्यांचे काम पाहू. १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्नायूंची शक्ती हिरावून घेणारा असाध्य आजार त्यांना जडल्याचे निदान झाले. पुढील वर्षीच रॉयल सोसायटीच्या सभेत फ्रेड हॉईल यांनी स्वतःचा व जयंत नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला असता, हा विद्यार्थी काठीच्या आधारे उभा राहिला व त्यातील एक राशी अनंत होते असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. आपले नारळीकर त्या काळी केंब्रिजमध्येच काम करीत होते. आजाराची दया येण्यापूर्वीच हॉकिंग यांच्या बुद्धीचा दरारा वाटू लागला होता, एवढे या प्रसंगावरून दिसते.

१९६५ मध्ये रॉजर पेनरोज यांनी सिद्ध केले की, कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटात अशी अवस्था अटळ आहे, जिथे सापेक्षतावादाची समीकरणेच खुंटतात. हॉकिंग यांनी काळाची दिशा उलटवून तोच युक्तिवाद समग्र विश्वाला लावला. १९७० मध्ये दोघांनी मिळून त्याचा परिपूर्ण सिद्धांत प्रसिद्ध केला. या सर्व इमारतीच्या पायात कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण आहे. हॉकिंग यांचे नाव ठाऊक असलेल्या किती भारतीयांना रायचौधुरींचे नाव ठाऊक आहे?

१९७१ मध्ये हॉकिंग यांनी दाखवले की कृष्णविवराच्या सीमापृष्ठाचे क्षेत्रफळ कधीही घटत नाही. जेकब बेकेनस्टीन या तरुण संशोधकाने त्यावरून अनुमान काढले की, हे क्षेत्रफळ म्हणजे कृष्णविवराची एंट्रॉपीच होय. हॉकिंग यांना ते मुळीच रुचले नाही. एंट्रॉपी असेल तर तापमान असणार, तापमान असेल तर उष्णता बाहेर पडणार, आणि कृष्णविवरातून तर काहीच बाहेर पडत नाही, असा त्यांचा बिनतोड आक्षेप होता. मग त्यांनी पुंजवादाचे नियम कृष्णविवराच्या परिसराला लावून स्वतः गणित केले आणि उत्तर आले ते स्वतःच्याच विरुद्ध! कृष्णविवर प्रारण बाहेर टाकते. १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुरुत्वाकर्षण, पुंजवाद, सापेक्षता आणि उष्मागतिकी या चार शाखांचे स्थिरांक हॉकिंग यांच्या तापमानसूत्रात एकत्र नांदतात. ज्याचा प्रतिवाद करावयाचा, त्याचेच म्हणणे आपल्या गणितातून खरे ठरले तेव्हा ते जगासमोर ठेवणे यास बुद्धीखेरीज आणखीही काही लागते. आमच्या मते हॉकिंग यांची थोरवी इथे आहे आणि ती निर्विवाद आहे.

मग नोबेल का नाही? सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे या सूत्रानुसार तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा कोटी भागांपैकी सुमारे ६ भाग इतके अल्प, म्हणजे ०.०००००००६ अंश भरते. उलट अवकाशात सर्वत्र २.७ अंशांचे प्रारण पसरलेले आहे. अशा गदारोळात ही कुजबुज ऐकू येणार कशी? प्रत्यक्ष प्रमाण आजवर मिळालेले नाही, आणि नोबेल समिती प्रमाण मागते. २०२० मध्ये पेनरोज यांना तो सन्मान लाभला, तेव्हा हॉकिंग हयात नव्हते. क्षेत्रफळाच्या नियमाचे नशीब मात्र फळफळले. जानेवारी २०२५ मध्ये टिपलेल्या गुरुत्वीय लहरींवरून असे आढळले की, दोन कृष्णविवरे एकत्र होण्यापूर्वी त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते, नंतर ते सुमारे ४,००,००० झाले. गणित खरे ठरले.

एवढे काम एखाद्या धडधाकट माणसाने केले असते तर तो शास्त्रज्ञांमध्ये पूज्य ठरला असता, पण रस्त्यावरच्या माणसाला त्याचे नाव कळले नसते. हॉकिंग यांची जागतिक कीर्ती १९८८ च्या 'ए ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' या पुस्तकापासून सुरू होते. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. चाकाच्या खुर्चीतील निश्चल देह, यंत्राचा आवाज आणि मुखपृष्ठावर तारे! १९८५ च्या शस्त्रक्रियेत वाचा गेलेल्या माणसाने विश्वाचे रहस्य सांगावे, हे दृश्यच असे होते की शब्दांकडे कोणाचे लक्ष जावे? दूरचित्रवाणी मालिका आल्या, २०१४ मध्ये चित्रपटही आला. लोकांनी शास्त्रज्ञाऐवजी द्रष्टा पाहिला. हा हॉकिंग यांच्यावर अन्यायच होता असे आम्हांस वाटते. कारण त्यांच्या आजारामुळे त्यांना झुकते माप देणारा मनुष्य त्यांच्या गणिताला नकळत कमी लेखत असतो.

पुस्तक म्हणून त्याचे मोल काय? भाषा प्रसन्न, विनोद तिखट. पण समीकरणे टाळण्याच्या भरात जागोजागी गाळलेल्या पायऱ्या. कृष्णविवराच्या कडेवर कणांची जोडी जन्मते, एक आत पडतो, दुसरा निसटतो, हे चित्र या पुस्तकाने घरोघरी पोचवले. १९७५ च्या मूळ निबंधात मात्र असली चित्रे केवळ समजुतीसाठी आहेत, ती शब्दशः घेऊ नयेत, असा इशारा हॉकिंग यांनीच दिला होता. तो इशारा सामान्य वाचकापर्यंत पोचावयास हवा होता.

आता धर्माच्या प्रांतातील गोष्ट. १९८१ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपणांस सांगितले की, महास्फोटानंतरचे संशोधन करा, पण खुद्द महास्फोटाच्या मुळाशी जाऊ नका, असे हॉकिंग या पुस्तकात लिहितात. त्या ऑक्टोबरमधील पोप महोदयांचे भाषण छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात मनाई नाही. विश्वाच्या प्रारंभाचा प्रश्न विज्ञान एकट्याने सोडवू शकत नाही, त्यास तत्त्वज्ञानाचीही गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. 'सोडवू शकणार नाही' आणि 'सोडवू नका' यांत अंतर आहे. गॅलिलिओच्या ३०० व्या स्मृतिदिनी जन्मल्याचा ज्यांना अभिमान होता, त्यांना ही कथा अशी सांगण्याचा मोह झाला असावा. पुढे १९८६ मध्ये त्याच पोप महोदयांच्या काळात ते व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि अखेरपर्यंत राहिले, हे सांगणारे फार थोडे.

त्याच परिषदेत त्यांनी ज्या कल्पनेचे सूतोवाच केले व १९८३ मध्ये जेम्स हार्टल यांच्यासह जी मांडली, ती अशी की विश्वाला काळाची कडच नाही. मग निर्मात्याला जागा कुठे, असा प्रश्न ते विचारतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या कोणासही इथे संत थॉमस अक्वायनस आठवतील. जगाला आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असे ते तेराव्या शतकातच सांगून गेले. निर्मिती म्हणजे पहिला क्षण नव्हे, तर प्रत्येक क्षणी असलेले परावलंबन, ही त्यांची शिकवण. कड नसलेल्या विश्वानेही तिला धक्का लागत नाही. अर्थात आपल्या बाजूनेही घाई झालेली आहे. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा त्या शास्त्राचे जनक आणि स्वतः धर्मगुरू असलेले जॉर्ज लमेत्र अस्वस्थ झाले होते.

२०१० मध्ये लिओनार्ड म्लोडिनो यांच्यासह लिहिलेल्या 'द ग्रँड डिझाइन'मध्ये हॉकिंग तत्त्वज्ञान मेल्याचे आरंभीच जाहीर करतात आणि पुढे पुस्तकभर तत्त्वज्ञानच लिहितात. गुरुत्वाकर्षणाचा नियम असल्याने विश्व शून्यातून आपोआप निर्माण होते, हा त्याचा निष्कर्ष. पण नियम आहे तिथे शून्य कसले? समीकरणांनी वर्णन करावे असे विश्व मुळात का असावे, हा प्रश्न १९८८ च्या पुस्तकात हॉकिंग यांनी स्वतःच विचारला होता. बावीस वर्षांनी उत्तर न देताच त्यांनी तो सोडून दिलेला दिसतो. १९७४ चा हॉकिंग स्वतःचा आक्षेप स्वतःच्या गणितापुढे मागे घेत होता. २०१० च्या हॉकिंगपाशी या प्रश्नापुरते गणित नव्हते, नाव होते.

आमच्या तरुण वाचकांनी १९८८ चे पुस्तक अवश्य मिळवावे. सहावे व सातवे प्रकरण, म्हणजे कृष्णविवरांवरचा भाग, सावकाश वाचावा; तिथे लेखक आपल्या घरात आहे. आठवे प्रकरण वाचताना पोप महोदयांचे १९८१ चे भाषण शेजारी उघडून ठेवावे.