माझ्या वाण्याचे पोट

लेखकाने आपल्याच पुस्तकाचे परीक्षण लिहू नये, असा संकेत आहे. या दिवाळीपुरता तो मोडण्याची मुभा वाचकांनी मला द्यावी. मला पुस्तकाची तारीफ करायची नाही. त्यातला एक दोष दाखवायचा आहे. हा दोष माझ्या एकट्याचा नाही, आपल्या पुष्कळ कथा-कादंबऱ्यांत तो आढळतो, म्हणून हा खटाटोप.

माझी ती कादंबरी लालबागच्या चाळीतली. १९८२ सालचा गिरणी संप, मुके झालेले भोंगे, आणि उधारीची वही मांडीवर घेऊन बसलेला किराणा दुकानाचा वाणी. या वाण्याला मी लठ्ठ केले. त्याच्यासमोर माझा नायक, साच्यावर काम करणारा, अंगाने काटक. एकाचे पोट हा त्याच्या लोभाचा पुरावा आणि दुसऱ्याच्या बरगड्या हा त्याच्या सचोटीचा! वाण्याने गिऱ्हाइकाला फसवल्याचा एकही प्रसंग मी लिहिला नव्हता. तरी सर्वांनी त्याला लबाड ठरवले. व्यक्तिचित्र ठसठशीत उतरले आहे, असे एकाने लिहिलेही. मी सुखावलो.

मी शाळामास्तर आहे. वर्गातल्या एका मुलाने ते प्रकरण वाचले आणि विचारले, "सर, तो वाणी इतका जाडा का?" मी म्हणालो, "खातो म्हणून!" वर्ग हसला. प्रश्न विचारणारा मुलगा स्वतः अंगाने स्थूल होता, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्याचा डबा उघडेनासा झाला. पुढे त्याची आई भेटली. "घरी सगळे जेवतात तेवढेच जेवतो हो हा," एवढेच ती म्हणाली. त्या वाक्याने माझ्या कादंबरीचे जे परीक्षण केले, ते कोणत्याही मासिकात आले नव्हते.

माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकबरोबर संपले. तरी मी वाचू लागलो, आणि जिला आपण चरबी म्हणून हिणवतो तिची हकीकत एखाद्या कादंबरीसारखी निघाली. १९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर असे आढळले की ते खातच राहत आणि फुगत जात. पुढे १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी त्यामागचे जनुक शोधून काढले. हे जनुक मेदाच्या पेशीत काम करते. तेथे लेप्टिन नावाचा रस तयार होतो आणि तो रक्तातून मेंदूला सांगावा धाडतो की साठा आहे, आता पुरे. त्या उंदरांकडून हा सांगावा निघतच नव्हता. अशीच जन्मजात उणीव असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला इंग्लंडमध्ये लेप्टिनची इंजेक्शने दिली, तेव्हा तिची भूक आवरली. ही हकीकत १९९९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या चाळीत ती असती तर आपण तिला अधाशी म्हणून मोकळे झालो असतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. अशी मुले जगात फारच थोडी. नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असते, मेंदू ते ऐकत नाही. म्हणून ते इंजेक्शन सर्वांना उपयोगी नाही. पण मेद म्हणजे नुसते आळशाचे कोठार, ही माझी समजूत मात्र टिकली नाही. ती बोलणारी ग्रंथी आहे.

आता माझ्या काटक नायकाकडे वळू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले. त्यात ते स्वतः आणि लंडनचे डॉक्टर युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचा हिशेब दोघांचाही २२.३, दोघेही बारीकच. पण शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के भरला! पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांचा अभ्यासही याज्ञिकांच्या मंडळींनी केला. तेथील बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडच्या साउदॅम्टनचे ३.५ किलोचे. आपले बाळ स्नायूंनी रोड, पण मेद त्या मानाने टिकून. मधुमेहाची वाट पुष्कळदा या रोडपणातूनच जाते. दोन माणसांच्या एका चित्रात जे साधले, ते मला तीनशे पानांत साधले नाही. बाहेरून माणूस वाचता येतो, हाच माझ्या कादंबरीचा पाया होता, आणि तोच कच्चा निघाला. आपल्या चरकाचार्यांनी तर निंदित देहांच्या यादीत अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांनाही बसवले होते. आम्ही कादंबरीकारांनी पहिल्याला धरले आणि दुसऱ्याच्या गळ्यात हार घातला.

या हकीकतीचे शेवटचे प्रकरण मला सर्वांत विलक्षण वाटते. रुग्णाच्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांत हवे ते जनुक घालायचे आणि त्या परत त्याच्याच शरीरात सोडायच्या, ही जनुकोपचाराची एक रीत. परळचे टाटा रुग्णालय आणि पवईची आय.आय.टी. यांच्या प्रयत्नांतून रक्ताच्या कर्करोगावर असा उपचार तयार झाला आणि २०२३ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. तेथे वापरतात त्या रक्तातील पांढऱ्या पेशी. जपानच्या चिबा विद्यापीठातील संशोधकांनी याच कामाला मेदाच्या पेशी लावल्या. रक्तातील कोलेस्टेरॉलची व्यवस्था पाहणारे एक प्रथिन काहींच्या शरीरात जन्मतःच बनत नाही. डोळे धूसर होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. अशा रुग्णाची थोडी चरबी काढून, तिच्या पेशींत ते जनुक घालून, त्या वाढवून पुन्हा कातडीखाली ठेवायच्या, अशी ही योजना. मेदाची पेशी वर्षानुवर्षे टिकते, सहज काढता येते आणि रक्तात रस सोडणे हा तिचा स्वभावच आहे. म्हणून निवड तिची. हा रोग दुर्मीळ आहे आणि उपचार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. उद्या मधुमेह यानेच बरा होईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण जिला आम्ही खलनायिका केले, तीच औषध वाहून नेण्याच्या लायकीची ठरली, हे लेखकाने विसरू नये.

त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. तो काही बोलला नाही. पण आठवड्याभराने डबा उघडला, आणि त्यातली एक करंजी माझ्यापुढे केली.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर वाणी लठ्ठच राहील. त्याला बारीक करणे म्हणजे दुसरी लबाडी. मात्र तो लबाड असेल तर ते त्याच्या उधारीच्या वहीत दिसेल, पोटात नव्हे. आणि फराळाचे ताट पुढे करताना आपणही पाहुण्याच्या पोटाकडे पाहून विनोद करू नये, एवढेच या परीक्षणाचे सांगणे.