मातीचे सैन्य कोणाच्या बाजूचे?

भिलाईत आमच्या घरी पाडव्याला वडील पंचांग वाचत तेव्हा ‘शालिवाहन शके’ म्हणत. शेजारी मात्र विक्रम संवत चाले. दोन्ही आकड्यांत १३५ वर्षांचे अंतर. विक्रम आणि शालिवाहन यांनी नर्मदा ही सीमा ठरवून घेतली, असे लोककथा सांगते. भिलाई नर्मदेच्या दक्षिणेला, पण हिंदी मुलखात. ‘हा शालिवाहन कोण?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला वडिलांचे उत्तर ठरलेले असे: कुंभाराच्या घरी वाढलेला राजा.

ती कथा मी सध्या हिंदीत आणते आहे. जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातल्या ‘विविधतीर्थकल्पा’त ती आहे. पैठणला कुंभाराच्या आश्रयाला राहिलेल्या एका विधवेला नागराजापासून मुलगा होतो. तो सवंगड्यांत राजा होऊन खेळतो आणि त्यांना मातीचे हत्ती-घोडे वाटतो. पुढे उज्जैनचा विक्रम चालून येतो, तेव्हा नागराजाच्या अमृताने तीच माती जिवंत होते आणि विक्रमाला पळवून लावते.

मसुदा वाचून एक मित्र म्हणाले, ‘चीनमध्येही मातीचे सैन्य निघालेच की! म्हणजे दंतकथेत तथ्य असते.’ ही तुलना मोहक आहे, पण मला ती पटत नाही. दोन्हीकडे माती आहे, म्हणून गोष्ट एक ठरत नाही.

१९७४ साली शिआन शहराजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना पहिला सम्राट छिन शी ह्वांग याचे मृत्तिकासैन्य सापडले. सम्राट वारला इसवी सनापूर्वी २१० मध्ये. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या सिमा छ्यान या इतिहासकाराने त्याच्या थडग्याचे तपशीलवार वर्णन केले आहे: पाऱ्याच्या नद्या, आपोआप सुटणारे बाण. मातीच्या सैनिकांचा मात्र त्यात उल्लेख नाही. म्हणजे चीनमध्ये हे सैन्य दंतकथेतून इतिहासात आले नाही. ते थेट जमिनीतून आले. त्याच वर्णनात आणखी एक गोष्ट आहे. थडग्यातली रहस्ये फुटू नयेत म्हणून कारागिरांना आतच कोंडून टाकले. काही मातीच्या सैनिकांवर कारागिरांची नावे आढळतात. तीही कौतुकासाठी नव्हेत, काम बिघडले तर कोणाला धरायचे हे कळावे म्हणून.

आता पैठणकडे पाहावे. तिथे कुंभार राजासाठी राबत नाही. राजाच कुंभाराच्या अंगणात वाढतो. चिनी माती मेलेल्या राजाची पहारेकरी होते, पैठणची माती पोरक्या मुलाला राजा करते. जन्मकथांतही हाच फरक दिसतो. छिनचा सम्राट खरे तर एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, ही वदंता सिमा छ्यानने नोंदवली. ती राजाला खाली खेचते. नागराजाची कथा मात्र बापाचे नाव सांगता न येणाऱ्या मुलाला वर उचलते. दंतकथेत तथ्य किती, यापेक्षा ती कोणाच्या बाजूने बोलते हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

इतिहासातले सातवाहन या कथेतल्यासारखे नाहीत, हे उघड आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याला शक, यवन आणि पह्लवांचा संहारक म्हटले आहे. तिथे कुंभाराचा मागमूस नाही. आहे तो वंशाचा आणि विजयाचा अभिमान. इसवी सन ७८ पासूनची कालगणना तर शक क्षत्रपांच्या लेखांत वापरलेली. तिला शालिवाहनाचे नाव चिकटले अनेक शतकांनंतर. शकांना हरवणाऱ्या घराण्याचे नाव शकांच्याच कालगणनेला! इतिहासाच्या दृष्टीने हा घोटाळा आहे. पण तो करणाऱ्यांना वर्ष मोजायला आपला राजा हवा होता, आणि त्यांनी निवडला तो कुंभारवाड्यातला.

अनुवादात माझी अडचण एका शब्दाशी आली. प्रबंधकार ‘सातवाहन’ची फोड करतो: ‘सात’ म्हणजे दिलेले, ज्याने सवंगड्यांना वाहने दिली तो. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होणार नाही. शिवाय हिंदीत आणि मराठीतही ‘सात’ म्हटले की आकडाच डोळ्यांपुढे येतो. तळटीप द्यावी, त्यात ‘ही लोकव्युत्पत्ती’ असे म्हणून मोकळे व्हावे, असा सल्ला मिळाला. पहिल्या मसुद्यात मी तसे केलेही. वाचून पाहिले तर राजाचे देणे पानाच्या तळाशी गेले होते आणि वर उरला होता फक्त विक्रमाचा पराभव.

म्हणून तळटीप काढली. आता कथेतलीच मुले त्याला हाक मारतात: वाहने देणारा, म्हणून सातवाहन. वाक्य थोडे लांबले आहे. हिंदी वाचक तिथे क्षणभर अडखळेल, हे मला मान्य आहे. लढाई येण्याआधी मातीचा घोडा एका मुलाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला होता, एवढे त्याला दिसले तरी पुरे.