दुसरी बाजू कुणाची मागतो आपण?

मल्लिका अमरशेखचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ सालचं. ते निघालं की आपली पोरं एकच म्हणतात : ही झाली एक बाजू, नामदेवची बाजू कुठाय?

सवाल रास्त आहे. नवरा-बायकोच्या भांडणाला तिसरा साक्षीदार नसतो. पण हाच सवाल आपण 'बलुतं'ला (१९७८) केला का? संशयापायी पहिली बायको सोडल्याचं दया पवारांनी त्यात स्वतःच लिहिलंय. तिथं आपण लेखकाच्या प्रामाणिकपणाला दाद दिली. त्या बाईचं म्हणणं किती जणांनी मागितलं?

नामदेव ढसाळकडं तर 'गोलपिठा' (१९७२) लिहिणारी लेखणी होती, व्यासपीठ होतं, पुस्तक आल्यावरही २०१४ पर्यंतचं आयुष्य होतं. बोलायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती.

मग वाचायचं कसं? अंगावर सोसलेलं मल्लिका सांगते तिथं ती साक्षीदार आहे, ते ऐकायचं. दुसऱ्याच्या मनातलं सांगते तिथं तो तिचा अंदाज. अंदाज म्हणूनच घ्यायचा. हीच फूटपट्टी 'बलुतं'लाही लावायची. तिच्या पुस्तकानं 'गोलपिठा' खोटा ठरत नाही, अन् 'गोलपिठा' मोठा म्हणून घरातला मार खोटा ठरत नाही.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितली. 'चळवळीची बदनामी होते' म्हणून बाईला गप्प बसवणं त्या मापात कुठं बसतं, ते मित्रांनो, आधी सांगा.