'कॅप्टन ब्लड'मधील करारनामा

चाचेपटांच्या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः तलवारबाजीस, शिडांच्या दोरांवरील झेपांस आणि तोफांच्या धुरास दिले जाते. हे खोटे नव्हे. १९२६ च्या 'द ब्लॅक पायरेट'मध्ये डग्लस फेअरबँक्स शिडात सुरी खुपसून खाली घसरत येतो, त्या दृश्याचे आकर्षण आजही ओसरलेले नाही. परंतु मायकेल कर्टिझ यांच्या 'कॅप्टन ब्लड' (१९३५) या चित्रपटाचे सामर्थ्य तलवारीपेक्षा एका कागदात अधिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

राफाएल सबाटिनी यांच्या १९२२ च्या कादंबरीवर आधारलेल्या या कथेचा नायक पीटर ब्लड हा वैद्य आहे. १६८५ च्या मन्मथच्या बंडातील एका जखमीवर तो उपचार करतो, आणि एवढ्याच अपराधास्तव जमेकात गुलाम म्हणून विकला जातो. पुढे जहाज हाती येताच त्याचे सोबती चाचेगिरीची शपथ घेतात, ती एका करारनाम्यावर. लुटीची वाटणी कशी व्हावी, अवयव गमावणाऱ्यास भरपाई किती मिळावी, हे त्यात आधीच ठरते. राजाच्या न्यायालयात न मिळालेला न्याय येथे दरोडेखोर एकमेकांस देतात! एरॉल फ्लिन यांच्या मोकळ्या हास्यामागे हा आधार नसता, तर ते केवळ उनाड वाटले असते. लव्हासरशी समुद्रकिनारी होणाऱ्या गाजलेल्या द्वंद्वाच्या मुळाशीही लुटीच्या वाटणीचा, म्हणजे कराराचाच, प्रश्न आहे.

ही कलमे कल्पित नव्हेत. एक्स्क्वेमेलिन याच्या १६७८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चाच्यांच्या अशाच भरपाईचे दर नोंदलेले आहेत. उजवा हात गेल्यास आठ रिआलांची ६०० नाणी, अथवा सहा गुलाम. हा 'अथवा' चित्रपटास परवडणारा नव्हता. ज्यांना स्वतः बाजारात उभे केले गेले, त्यांच्या तोंडी माणसांचा असा हिशेब घातला, तर प्रेक्षकाची सहानुभूती क्षणात आटली असती. म्हणून दास्य हे या कथेत प्रामुख्याने गोऱ्या बंदिवानांचे दुःख होऊन राहते. जमेकाचे मळे ज्यांच्या श्रमांवर वाढत होते ते आफ्रिकी गुलाम कथेच्या कडेलाच राहतात.

शेवटी नव्या राजाची क्षमा येते व ब्लड गव्हर्नर होतो. त्याचा जुना मालक कर्नल बिशप परततो, तेव्हा खुर्चीत ब्लडच बसलेला असतो. प्रेक्षक मनापासून हसतो. मळ्यांचे काय झाले, हे मात्र पडद्यावर कोणी विचारीत नाही.