पहिलं मंत्रिमंडळ : माणसं मोठी, बैठक लहान

लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला गर्दी होते. १९३७ साली डॉ. आंबेडकर धुळ्याच्या कोर्टात खटल्यासाठी आले, तेव्हा तिथं राहिले होते. हे देवपुरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण हेच आंबेडकर स्वतंत्र भारताच्या पहिल्या केंद्र सरकारात कायदेमंत्री होते आणि चार वर्षांत बाहेर पडले, ते कशामुळे, असं विचारलं की उत्तर येतं : हिंदू कोड बिल. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. आम्ही आज उरलेल्या अर्ध्याविषयी बोलणार आहोत.

आधी त्या सरकारचं श्रेय. काँग्रेसवर कडक टीका करणारे आंबेडकर, हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी, जस्टिस पक्षातून आलेले षण्मुखम चेट्टी हे सगळे एका टेबलाभोवती बसले. आपले काकासाहेब गाडगीळही होतेच. निर्वासितांचे लोंढे, काश्मीर, पाचशेहून अधिक संस्थानं हे सगळं अंगावर असताना या मंडळींच्या काळात राज्यघटना झाली आणि १९५१-५२ ला सतरा कोटींवर मतदारांची, बहुतेक निरक्षरांची, निवडणूकही पार पडली. नव्या राष्ट्रांच्या इतिहासात अशी कामगिरी थोडी सापडते.

मग उणीव कुठे? जानेवारी १९४८ मध्ये नेहरू आणि पटेल या दोघांनी गांधीजींसाठी एकेक टिपण लिहिलं. प्रश्न एकच, पंतप्रधानाचा अधिकार किती? नेहरूंच्या मते पंतप्रधानानं सगळ्या खात्यांवर नजर ठेवावी, गरज पडली तर हात घालावा. पटेलांच्या मते तो बरोबरीच्यांत पहिला. सहकाऱ्यांना डावलण्याचा हक्क त्याला नाही. निवाडा व्हायच्या आत ३० जानेवारी उजाडली. दोघांनी जुळवून घेतलं, पण प्रश्न तसाच राहिला. डिसेंबर १९५० ला पटेल गेले आणि दुसरी बाजू बोलणारं वजनदार माणूसच उरलं नाही.

आता राजीनामे बघा. १९५० मध्ये मुखर्जी गेले, नेहरू-लियाकत करारावरून. त्याच वर्षी अर्थमंत्री जॉन मथाई गेले. नियोजन आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होईल, ही त्यांची हरकत होती. सप्टेंबर १९५१ ला आंबेडकर. सभागृहात निवेदन वाचायचं तर प्रत आधी द्या, असं सांगितलं गेलं, म्हणून ते उठून बाहेर आले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं. ते जरूर वाचा. परराष्ट्र आणि संरक्षण समित्यांत त्यांना जागा नव्हती. आर्थिक समितीत नेमलं, काढलं, तक्रार केल्यावर पुन्हा घेतलं! समित्या आधीच ठरवतात आणि मंत्रिमंडळ फक्त नोंद करतं, हा त्यांचा आरोप होता. तज्ज्ञ माणूस सरकारात घेतला, पण निर्णयाच्या खोलीबाहेर बसवला, असा त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, घर पेटलेलं असताना सगळ्यांचं मत कोण विचारत बसतो? बरोबर आहे. संस्थानांचं काम पटेलांनीही काही दर वेळी बैठक भरवून केलं नाही. आम्ही १९४७-४८ पुरती ही सबब मान्य करतो. पण आणीबाणीची ही सवय शांततेच्या काळातही टिकली, त्याला सबब नाही.

टिकली याची साक्ष मराठी माणसाचीच आहे. पटेलांच्याच काळात, १९५० ला, मथाईंच्या जागी आलेले चिंतामणराव देशमुख जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर बाहेर पडले. रायगडच्या या अर्थमंत्र्याचं लोकसभेतलं म्हणणं केवळ मुंबईपुरतं नव्हतं. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे चर्चेला आलाच नाही, असं ते म्हणाले. नेहरूंनी ते मान्य केलं नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपलं खानदेश गुजरातसकट द्विभाषिक मुंबई राज्यात राहिलं. नेहरू-पटेलांच्या त्या टिपणांना तेव्हा आठ वर्षं उलटून गेली होती.