विद्यापीठीय ग्रंथालयांतील ई-संसाधने आणि मराठीतील संशोधन : मूल्यमापनाच्या निकषांची समीक्षा

माहिती तंत्रज्ञानामुळे विद्यापीठीय ग्रंथालयांचे स्वरूप गेल्या दोन दशकांत आमूलाग्र बदलले, हे विधान आता वादातीत झाले आहे. इन्फ्लिबनेट केंद्राच्या यूजीसी-इन्फोनेट योजनेतून २००४ पासून विद्यापीठांना ई-नियतकालिके मिळू लागली. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये एन-लिस्ट ही योजना सुरू झाली आणि २०१५ च्या अखेरीस या योजना ई-शोधसिंधू या छत्राखाली एकत्र आणल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि शासकीय व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका आहे. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या संशोधकाला या योजनांमुळे किती लाभ झाला, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्वी ज्या लेखाच्या छायाप्रतीसाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे, तो आज काही क्षणांत संगणकावर येतो.

प्रश्न आहे तो या संसाधनांची उपयुक्तता आपण कशी मोजतो, हा.

प्रचलित पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिली आकडेवारीची. प्रकाशक ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पूर्णपाठ लेख किती वेळा उघडले गेले याचे अहवाल देतात. ग्रंथालय ते अहवाल वार्षिक वृत्तांतात आणि नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात समाविष्ट करते. नॅकच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या आराखड्यातही ई-संसाधनांचे सदस्यत्व, त्यांवरील खर्च आणि दैनंदिन वापर याच बाबींना गुण होते. दुसरी पद्धत प्रश्नावलीची. शे-दोनशे संशोधक व प्राध्यापकांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि ‘समाधानी’, ‘अंशतः समाधानी’ व ‘असमाधानी’ यांच्या टक्केवारीचे तक्ते तयार होतात. ग्रंथालयशास्त्रातील अनेक लघुप्रबंध याच साच्यात लिहिले गेले आहेत. या साच्यात एक मूलभूत दोष आहे. प्रश्नावली बहुधा ग्रंथालयातच वाटली जाते. परिणामी, उपयोगाचे काहीच न मिळाल्याने ग्रंथालयात येणे ज्याने सोडले, तो संशोधक नमुन्यात येतच नाही. शिवाय, जे संसाधन अस्तित्वात असू शकते याची वाचकाला कल्पनाच नाही, त्याच्या अभावाबद्दल तो असमाधान तरी कसे नोंदवणार?

हा दोष मराठी भाषा, इतिहास व समाजशास्त्र या विषयांत विशेष तीव्रतेने जाणवतो. सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधकाचे उदाहरण घेता येईल. रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा केंब्रिज विद्यापीठ प्रकाशनाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ आणि त्यानंतर त्या विषयावर इंग्रजी नियतकालिकांत झालेली चर्चा त्याला ई-स्वरूपात मिळू शकते. परंतु कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवलेले ‘दीनबंधु’ हे पत्र कोणत्याही सदस्यत्वातून त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या मूळ साधनावर इंग्रजीतील विवेचन उभे आहे ते साधन दूर आणि विवेचन मात्र जवळ, अशी ही उलटी स्थिती आहे. तिचा परिणाम प्रबंधांवर होणे अटळ आहे. मूळ अंक पाहण्यासाठी गावोगावच्या ग्रंथसंग्रहालयांत जाण्याची ऐपत किंवा रजा ज्याच्याकडे नाही, असा ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापक इंग्रजी ग्रंथातील अवतरणाचे पुन्हा मराठीत भाषांतर करून ते उद्धृत करतो. मराठी मजकूर इंग्रजीमार्गे मराठीत परततो आणि वाटेत त्याचा मूळ शब्द हरवतो. ग्रंथालयाच्या आकडेवारीत मात्र हा व्यवहार एक यशस्वी डाउनलोड म्हणून नोंदला जातो.

याचे कारण कोणाची अनास्था नसून सदस्यत्व या व्यवस्थेचे स्वरूपच आहे. सदस्यत्व घ्यायचे तर विकणारा प्रकाशक असावा लागतो. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मराठी पत्रांचा तर आज कोणी वारसही नाही. अशी साधने विकत घेता येत नाहीत. त्यांचे अंकीकरण करावे लागते, त्यांची सूची करावी लागते आणि त्यासाठी खर्चाचे वेगळे शीर्ष लागते. ‘ई-संसाधनांवरील खर्च’ म्हणजे ‘सदस्यत्वावरील खर्च’ असे समीकरण रूढ झाल्यामुळे हे शीर्ष अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही.

जे अंकीकृत झाले आहे त्याची स्थितीही तपासून पाहण्यासारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’ या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. ही निःसंशय मोठी उपलब्धी होय. मात्र त्यांतील अनेक मराठी प्रबंध केवळ छायाचित्रांसारखे आहेत, तर काही श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलिखित झालेले आहेत. या फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना ‘शेतकरी’ दिसते, यंत्राला निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. त्यामुळे प्रबंध उपलब्ध असूनही त्यातील शब्द शोधता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे, हे लक्षात घेता ही त्रुटी तांत्रिक कमी आणि सवयीची अधिक म्हणावी लागेल. भर म्हणजे अनेक प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या मर्जीने लिहिलेली असतात.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहून बिकट आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या मजकुरात ‘त्यांत’, ‘पुस्तकें’ अशी सानुस्वार रूपे येतात. आजच्या लेखनपद्धतीने शोध घेणाऱ्याला ती सापडतीलच असे नाही. विशेषनामांचीही तीच गत. ‘दीनबंधु’ आणि ‘दीनबंधू’ यंत्रासाठी दोन भिन्न शब्द आहेत. म्हणूनच १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची दाते, काळे व बर्वे यांची सूची या छापील साधनांना आजही पर्याय नाही. कष्टाळू सूचीकाराने जे विषयवार मांडून ठेवले, ते शोधयंत्राला अद्याप साधलेले नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाच्या वेळेची काळजी घेते. त्या कसोटीवर अनेक झगझगीत संकेतस्थळांपेक्षा ही जाडजूड सूची सरस ठरेल.

दुसरीकडे, ज्या ई-संसाधनांचा मराठीच्या अभ्यासकाला प्रत्यक्ष उपयोग होतो, ती ग्रंथालयाच्या हिशेबात बसत नाहीत. मोल्सवर्थ यांचा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत विनामूल्य पाहता येतात. त्यांवर ग्रंथालयाचा एक पैसाही खर्च होत नाही. त्यामुळे त्यांचा वापर कोणत्याही तक्त्यात येत नाही आणि नवागत संशोधकांच्या उद्बोधन वर्गांतही त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

मूल्यमापनाची अधिक विश्वसनीय पद्धत हाताशी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. शोधगंगेवर प्रबंधाची प्रकरणे स्वतंत्र धारिकांत असतात आणि संदर्भसूचीही बहुधा वेगळी मिळते. एखाद्या विद्यापीठाने मागील पाच वर्षांत मान्य केलेल्या मराठी व इतिहास विषयांच्या प्रबंधांच्या संदर्भसूच्या घ्याव्यात आणि त्यांतील प्रत्येक नोंद आपल्या ग्रंथालयाच्या ई-संसाधनांत मिळते की नाही, हे ताडून पाहावे. प्राथमिक साधने व दुय्यम साधने यांचे प्रमाण निराळे मोजावे. दुय्यम अवतरणांवर विसंबलेल्या नोंदीही वेगळ्या काढाव्यात. अंकीकरणासाठी कोणते नियतकालिक आधी घ्यावे, याची यादी या तपासणीतूनच तयार होईल.

प्रबंध स्वीकृतीच्या नियमांत युनिकोडमधील, शोधता येण्याजोगी प्रत आणि देवनागरीतील शीर्षक अनिवार्य करण्यास तर कोणत्याही अनुदानाची प्रतीक्षा करावी लागत नाही. ते काम विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे. जुन्या फाँटांतील प्रबंधांचे रूपांतर करण्याचे काम मात्र ग्रंथालय आणि मराठी विभाग यांना संयुक्तपणे करावे लागेल. रूपांतरक प्रणाली जोडाक्षरांत व रफारांत चुका करतात आणि त्या दुरुस्त करण्यासाठी मराठी जाणणारा माणूस शेजारी बसावा लागतो.