वक्त्याची पत

वक्तृत्व शिकवितां येतें असें सांगणारीं पुस्तकें अलीकडे उदंड झालीं आहेत. उभें कसें राहावें, हात किती हालवावे, कोठें थांबावें, हें सर्व त्यांत असतें. आणि श्रोत्यांचा विश्वास कसा संपादावा याचेंही एक प्रकरण असतेंच. शिरूर व दौंड या तालुक्यांतील शाळाकॉलेजांतून ज्या वक्तृत्वस्पर्धा होतात त्यांत या प्रकरणाचें फळ पाहावयास मिळतें. मुलें चांगलीं बोलतात. परीक्षकानें गुण द्यावे इतकीं चांगलीं. परंतु शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं कंठ दाटून बोलणारा मुलगा पुढल्या आठवड्यांत तितक्याच कळवळ्यानें उलट बाजू मांडतो, आणि हें आपण त्याचें कौशल्य समजतों. विश्वास ही जणू आवाजाची एक पट्टी आहे, असा या पुस्तकांचा समज दिसतो. तो आम्हांस मान्य नाहीं, व याच दोन तालुक्यांच्या इतिहासांत त्याविरुद्ध पुरावा आहे.

आरिस्टॉटलनें श्रोत्याचें मन वळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : वक्त्याचें शील, श्रोत्याची मनःस्थिति आणि भाषणांतील प्रमाण. पैकीं शीलाचा प्रभाव बहुधा सर्वांत अधिक, असें तो म्हणतो. मात्र हा विश्वास भाषणांतूनच उत्पन्न झाला पाहिजे, वक्त्याच्या आधींच्या लौकिकांतून नव्हे, अशी त्याची अट आहे. मराठींत या शीलास ‘पत’ हा शब्द आम्हांस अधिक जवळचा वाटतो, कारण पत ही ज्याची असते त्याच्या हातीं नसते. ती दुसऱ्यांनीं दिलेली असते.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं काळूराम नांवाचा सावकार कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून एका शेतकऱ्याचें घर पाडावयास निघाला. गांवानें त्याची समजूत घालून पाहिली. ती पटली नाहीं. हातीं हुकूमनामा असणाऱ्यास पटवून घेण्याची गरजच काय होती ? तेव्हां गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानीं कोणी जाईना, त्यांचीं शेतें कोणी करीना. न्हावी, परीट, सुतार, लोहार कामास येईनात. सावकार तालुक्याच्या गांवीं निघून जाऊं लागले तर त्यांची गाडी हांकावयास माणूस मिळेना. आम्हीं वाचलेल्या हकीकतींत हा एकोपा कोणाच्या भाषणानें झाल्याचा उल्लेख नाहीं. पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला व खतें आणि वह्या जाळल्या गेल्या. तेथें तर बोलण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

याच जुन्या भीमथडीच्या मुलखांत, हल्लीं दौंड तालुक्यांत असलेल्या केडगांवीं, अव्वल दर्जाच्या एका वक्त्रीनें आपला उत्तरकाल घालविला. पंडिता रमाबाईंचें वक्तृत्व पुराणिकाच्या आसनावर वाढलें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थोतीर्थीं फिरून पुराणें वाचीत. रमाबाईंनीं पुढें आत्मनिवेदनांत लिहिलें आहे कीं, ऐकणारांपैकीं बहुतेकांस त्या संस्कृताचा अर्थ कळत नसे. ते येत, नमस्कार करीत, फुलें, फळें, पैसे ठेवीत आणि जात. त्या आसनाला आपण व्यासपीठ म्हणतों. बसणारा कोणी असो, पत व्यासांची. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं वीस वर्षांच्या या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटलें, तेंही पुष्कळ अंशीं याच भांडवलावर. स्त्रीच्या मुखीं भागवत ऐकून सभा थक्क झाली. तिला स्वतःला काय म्हणावयाचें आहे याची चौकशी मागाहून.

१८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस काँग्रेसचें पाचवें अधिवेशन झालें. त्याला जोडून भरलेल्या सामाजिक परिषदेंत विधवांच्या केशवपनावरील ठरावावर रमाबाई बोलल्या. त्यांच्या एका उद्गाराचा आशय असा कीं, माझा आवाज लहान आहे यांत नवल नाहीं, कारण स्त्रीचा आवाज मोठा होण्याची संधि तुम्हीं कधीं दिलीच नाहीं. वक्त्यानें आपली उणीव कबूल करणें ही जुनी युक्ति आहे. ‘मी कांहीं वक्ता नव्हे’ असें म्हणून तासभर बोलणारे आपण नेहमीं ऐकतों. रमाबाईंच्या कबुलींत विनय नाहीं, हिशेब आहे. उणीव बोलणारीची, पण तिचें देणें निघतें ऐकणाराकडे. आणि पुरावा बाहेरून आणावा लागत नाहीं : तो लहान आवाज त्याच क्षणीं श्रोत्यांच्या कानांत आहे. व्यास, पुराण, संस्कृत यांपैकीं कशाचाही टेंकू येथें घेतलेला नाहीं. आरिस्टॉटलची अट इतकी पुरी झालेली आम्हांस मराठींत क्वचितच दिसली आहे.

मात्र अशी मिळविलेली पत किती दिवस टिकते, हें आरिस्टॉटल सांगत नाहीं. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या होत्या, व १८८९ मध्यें शारदासदन निघालें तें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याच्या बोलीवर. त्या शब्दावर लोकांनीं मुली पाठविल्या. पुढें सदन पुण्यास आलें. रमाबाईंची प्रार्थना उघड्या दारानें चाले, व मुली येऊन बसत. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळ सोडलें, ‘केसरी’नें झोड उठविली, पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी कीं, सक्ति कोणावर केली नाहीं. दार मात्र लावणार नाहीं. हें अक्षरशः खरें असेल. परंतु पालकांनीं त्यांच्या शब्दाचा अर्थ दार लावलेलें असेल असाच घेतला होता, आणि श्रोत्यांची नाडी इतकी अचूक ओळखणाऱ्या बाईंस हें कळलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. येथें आमचें मत त्यांच्या विरुद्ध जातें. दुसऱ्या पक्षाच्या पदरांतही फारसें श्रेय घालवत नाहीं. सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं त्याच सालीं विवाह करणाऱ्या कर्व्यांनीं १८९६ मध्यें आश्रम काढीपर्यंत, टीका करणाऱ्या पुण्यानें अशा विधवा मुलींसाठीं किती घरें उघडलीं ?

त्यानंतर पुण्याची सभा रमाबाईंची राहिली नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या शेंकडों मुलींचें व स्त्रियांचें बिऱ्हाड केडगांवच्या माळावर पडलें, व तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. या श्रोत्यांपुढें संस्कृताला मोल नव्हतें. भाकरीला होतें, कामाला होतें. केडगांवींच रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक यांच्या आधारें बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. अल्प शिकलेल्या बाईसही तें समजावें, हा त्यांचा कटाक्ष होता. हेतु मोठा, पण ग्रंथाचें मोल हेतूवर ठरत नाहीं. मूळाला बिलगून राहण्याच्या आग्रहामुळें ही मराठी सोपी असूनही मोकळी वाटत नाहीं, आणि ख्रिस्ती मंडळींतही हें भाषांतर सर्वत्र रुळलें नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून निघाला. त्याचे खिळे तेथल्या बायकांनीं जुळविले होते.